घर आपलं, मग भीड कशाची?

या महिन्याचा प्रश्न आपल्या इंदूरच्याच एका वाचक मुलीने पाठवला आहे. नाव गाळलं आहे आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी २९ वर्षांची आहे, आयटीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. रजिस्ट्री माझ्या एकटीच्या नावावर आहे, आई-बाबा देवासला असतात. कॉलेजची एक मैत्रीण 'दोन महिने राहते, मग बघते' म्हणून आली, त्याला आता चौदा महिने झाले. आधी महिन्याला सहा हजार यूपीआयने द्यायची, गेले पाच महिने तेही बंद आहेत. लिखापढी काहीच नाही. आता ती म्हणते, 'मी किरायेदार आहे, मला तू काढू शकत नाहीस.' आधारवर माझाच पत्ता टाकून घेतला आहे. मला स्वतःच्या घरी जायला नको वाटतं, ऑफिसमध्येच रात्री नऊपर्यंत बसते. आई म्हणते, तिच्या आईची हळदीकुंकवाला गाठ पडते, वाईटपणा घेऊ नकोस. दादा म्हणतो, ती कामाला गेली की कुलूप बदल आणि सामान जिन्यात ठेव. मी काय करू?"

बेटा, आईचा सल्ला ऐकलास तर आणखी चौदा महिने जातील, आणि दादाचा ऐकलास तर उद्या तूच आरोपी म्हणून उभी राहशील. मधला रस्ता आहे. तो थोडा लांबचा आहे आणि कागदावरून जातो, पण त्या रस्त्याने गेलेलं माणूस सहसा अडकत नाही.

तुझ्यासारखी बरीच मुलं आता पंचविशी-तिशीत स्वतःचं घर घेतात आणि हप्त्याला हातभार म्हणून किंवा सोबत म्हणून मित्र-मैत्रिणीला ठेवून घेतात. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देते.

ती नेमकी कोण आहे?

सगळं या एका प्रश्नावर अवलंबून आहे. कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक किरायेदारी. यात घराचा किंवा खोलीचा ताबाच काही काळासाठी दुसऱ्याला दिला जातो. दुसरी नुसती परवानगी, जिला कायद्यात लायसन्स म्हणतात. १८८२ च्या इझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ मध्ये तिची व्याख्या आहे. एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं, ते दुसऱ्याच्या जागेत करण्याची मुभा म्हणजे लायसन्स. तुझ्या घरात तुझ्या होकाराने राहणं ही अशी मुभा आहे. तिच्यातून घरात कुठलाही हक्क तयार होत नाही.

मग पैसे घेतले म्हणून ती किरायेदार झाली का? नुसत्या पैशावरून ते ठरत नाही. तू स्वतः त्याच घरात राहतेस, स्वयंपाकघर आणि दिवाणखाना दोघींचा, मुख्य दाराची किल्ली तुझ्याकडे, तिच्या खोलीत जायला तुला कधी मनाई नव्हती, वीजबिल तू भरतेस. हे सगळं परवानगीकडे झुकतं. उलट, तू दुसरीकडे राहत असतीस आणि अख्खा फ्लॅट तिच्या हाती असता, तर चित्र बदललं असतं.

कागदावर काय लिहिलं आहे यापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार काय आहे हे न्यायालय बघतं. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधल्या काही खोल्यांचा वाद आला होता. तिथे एक केशकर्तनाचा व्यवसाय चालत असे. करारात 'लायसन्स' असा शब्द होता, तरी न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टाच ठरवला, कारण त्या खोल्यांचा स्वतंत्र ताबा दिला गेला होता. ताबा कुणाकडे होता, ही कसोटी तेव्हापासून आजही लावली जाते. तुझ्या बाबतीत ती तुझ्या बाजूची आहे.

आता आधारकार्ड. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, मालकीचा नाही. तुझा पत्ता त्यावर छापला गेला म्हणून घरात तिचा वाटा झाला नाही. ती इथे राहते एवढंच त्यातून दिसतं, आणि ते तू नाकारत नाहीसच.

"बारा वर्षं राहिलं की घर त्याचं होतं" ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. तीही इथे लागू होत नाही. बारा वर्षांचा तो नियम मालकाच्या हक्काला उघड आव्हान देऊन बळकावलेल्या ताब्याबद्दल आहे. परवानगीने राहणारा कितीही वर्षं राहिला, तरी नुसत्या राहण्याने मालक होत नाही. गोव्यातल्या एका घरावरून बहीण-भावात वाद झाला होता. बहिणीच्या घरात भाऊ वर्षानुवर्षं राहत होता आणि नंतर हक्क सांगू लागला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट सांगितलं की मोबदल्याशिवाय, नात्यापोटी किंवा राखण करायला म्हणून राहू दिलेल्या माणसाला कितीही काळ लोटला तरी त्या जागेत हक्क मिळत नाही.

मग कुलूप का बदलायचं नाही?

कारण हक्क नसणं वेगळं आणि हाताला धरून बाहेर काढणं वेगळं. एखादा माणूस जागेत स्थिरावला असेल, तर त्याला तिथे राहण्याचा अधिकार नाही असं मानलं तरी मालकाने त्याला कायद्याच्या मार्गानेच काढावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं आहे. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम ६ तर याच्यासाठीच आहे. ज्याला त्याच्या संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्ग सोडून जागेतून काढलं, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न विचारलाच जात नाही. ताबा होता का आणि तो जबरदस्तीने गेला का, एवढंच बघितलं जातं.

घरात मालकिणीसोबतच राहणाऱ्या मुलीचा 'ताबा' असतो की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. पण तो वाद कोर्टात, तुझ्या खर्चाने आणि तुझ्या सुट्ट्या घालवून होणार. शिवाय ती सामान गेल्याची, अडवल्याची, धमकावल्याची तक्रार पोलिसांत देऊ शकते. आज बाजू तुझी आहे. कुलूप बदललंस तर ती तिची होईल.

याच कारणासाठी वीज-पाणी तोडणं, वायफाय बंद करून छळणं, तिच्या कपाटाला हात लावणं, चार मित्र बोलावून दम देणं, यातलं काहीही करायचं नाही. किराया कायद्यांमध्ये अत्यावश्यक सोयी तोडणं हा वेगळा गुन्हाच मानलेला आहे. पोलिसांकडूनही तिला बाहेर काढून देण्याची अपेक्षा ठेवू नकोस. ते "हा दिवाणी मामला आहे" म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. मात्र तिने मारहाण केली, धमकी दिली, पैसे किंवा दागिने उचलले, तर तो दिवाणी मामला राहत नाही. तेव्हा न डगमगता ११२ फिरव आणि लेखी तक्रार दे.

पहिली पायरी: परवानगी काढून घे

तू चौदा महिन्यांत तिला एकदाही स्पष्ट शब्दांत "निघ" म्हटलेलं नाहीस, हे तुझ्या पत्रातच दिसतं. "बघ ना गं काहीतरी", "कधी शोधतेस?" असं म्हणत राहिलीस. याने परवानगी संपत नाही. जी दिली ती आधी परत घ्यावी लागते.

इझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ६० प्रमाणे अशी परवानगी देणारा ती मागे घेऊ शकतो. याला दोन अपवाद आहेत. परवानगीबरोबर मालमत्तेचा काही हक्कही दिला असेल तर, किंवा त्या परवानगीवर विसंबून समोरच्याने स्वतःच्या खर्चाने पक्कं, कायमचं बांधकाम केलं असेल तर. तिने खोलीत पडदे आणि एक टेबल आणलं, हे त्यात बसत नाही. कलम ६३ सांगतं की परवानगी मागे घेतल्यावर निघायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ द्यायला हवा. किती दिवस ते कायद्यात लिहिलेलं नाही. तुझ्या प्रकरणात तीस दिवस दे, म्हणजे कमी वेळ दिला असं कुणी म्हणणार नाही.

आधी समोर बसून सांग. शक्यतो रविवारी सकाळी, शांतपणे, एखाद्या मोठ्या माणसाला सोबत ठेवून. मागची उणीदुणी काढू नकोस. "मला माझं घर एकटीला हवं आहे, अमुक तारखेपर्यंत तू दुसरीकडे जा" एवढंच. कारण देत बसलीस की प्रत्येक कारणावर वाद होईल. तुझं घर तुला हवं असणं हेच पुरेसं कारण आहे.

त्याच दिवशी तेच लेखी दे. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिलंस तर पुढे कोर्टात सोयीचं जाईल. मजकूर साधारण असा:

"मी अमुक पत्त्यावरील फ्लॅटची एकटी मालक आहे. अमुक तारखेपासून मी तुला मैत्रीखातर माझ्यासोबत एक खोली वापरण्याची परवानगी दिली होती. फ्लॅटचा ताबा कायम माझ्याकडेच आहे. ती परवानगी मी या पत्राने मागे घेत आहे. अमुक तारखेपर्यंत तू खोली रिकामी करून किल्ल्या परत द्याव्यात. त्यानंतरचं राहणं विनापरवानगी समजलं जाईल आणि त्याबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा माझा हक्क राखून आहे."

हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, ईमेल कर आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही पाठव. एकाच घरात राहून टपालाने पत्र पाठवणं विचित्र वाटेल, पण ती पावती उद्या तुझा सर्वांत मोठा पुरावा असेल. पत्र देण्याआधी एकदा वकिलाला दाखव. ती किरायेदारीचा दावा करणारच आहे, तेव्हा थकलेल्या पैशांची मागणीही त्यात कशी घालायची ते वकील सांगतील. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण कायद्यात किरायेदाराला ठरावीक कारणांवरूनच काढता येतं. मागणीची नोटीस मिळूनही दोन महिन्यांत थकबाकी न भरणं हे त्यातलं एक कारण आहे. म्हणजे उद्या कोर्टाने तिला किरायेदार मानलंच, तरी तुझी बाजू उघडी पडणार नाही.

नोटीस दिल्यावर तिने एकदम सहा हजार पाठवले, तर खूश होऊन "थँक्यू" लिहू नकोस. नोटिशीनंतर घेतलेला पैसा 'नवा किराया' म्हणून दाखवला जातो. घ्यायचे की परत करायचे, हे आधी वकिलाला विचार.

दुसरी पायरी: कागद गोळा कर

रजिस्ट्री, कर्जाचे हप्ते, मालमत्ता कर, वीजबिल, सोसायटीच्या पावत्या एका फाइलीत ठेव. "दोन महिन्यांसाठी येऊ का?" असा तिचा जुना मेसेज असेल तर तो सोन्यासारखा जप. ती परवानगीने आणि थोड्या काळासाठी आली, हे तिच्याच शब्दांत त्यात आहे. घराचा आजचा व्हिडिओ काढून ठेव, म्हणजे कोणतं सामान कुणाचं यावर भांडण होणार नाही. आणि या काळात तिच्याशी जे बोलशील ते शक्यतो लिहून. कुणीतरी पुढे ते मोठ्याने वाचणार आहे असं समजूनच प्रत्येक मेसेज लिही.

आणखी एक छोटं काम आहे, जे बरेच लोक विसरतात. जिल्हा न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेव. म्हणजे तिने अचानक मनाई हुकूम मागितला, तर तुला कळवल्याशिवाय, तुझं ऐकल्याशिवाय तो मिळणार नाही. कॅव्हेट नव्वद दिवस चालतं, नंतर नवं भरावं लागतं.

तिसरी पायरी: तडजोड, नाहीतर दावा

मुदत संपली आणि ती हलली नाही, तरी थेट दाव्यावर जाण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा दरवाजा ठोठाव. १९८७ च्या कायद्याने महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिलेला आहे. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे. दावा लावण्याआधीच तिथे समझोता होऊ शकतो, आणि लोकअदालतीत झालेल्या समझोत्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. त्यावर अपीलही होत नाही.

तडजोडीत पैशाचा हिशोब मनाने कर, रागाने नको. पाच महिन्यांचे तीस हजार होतात. ते सोडून दिले आणि वर टेम्पोचे पैसे दिले, तरी ती ठरल्या तारखेला निघत असेल तर सौदा स्वस्तात पडला. दिवाणी दाव्यात यापेक्षा जास्त पैसे आणि कितीतरी जास्त वेळ जातो. फक्त जे ठरेल ते लेखी हवं: तारीख, किल्ल्या, सामानाची यादी, "एकमेकींकडे काही देणं नाही" हे वाक्य आणि दोघींच्या सह्या.

तेही जमलं नाही तर दावा. इथे वेळेला महत्त्व आहे. परवानगी संपल्यावर मालकाने लवकर हालचाल केली, तर "जागा सोडून जा" असा आदेश मागणारा सरळ दावा चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटलं आहे. उशीर लावला तर ताब्यासाठी रीतसर दावा लावावा लागू शकतो. म्हणून एकदा नोटीस दिलीस की पुन्हा सहा महिने "बघू" म्हणत बसू नकोस. मुदतीनंतर ती जितके दिवस राहील त्याची भरपाईही त्याच दाव्यात मागता येते.

हे उत्तर कुणी वापरू नये

वरची वाट मित्र, मैत्रीण, पेइंग गेस्ट यांच्यापुरती आहे. बायको, सून किंवा एकत्र राहणारी जोडीदार यांना याच मार्गाने काढायला कुणी जाऊ नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने त्यांना राहत्या घरात वेगळं संरक्षण दिलं आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. घर दोन भावांच्या नावावर असेल, तर तिथे कुणी कुणाचा रूममेट नाही, दोघेही मालक आहेत. तो वाटणीचा विषय होतो.

पुण्यात घर घेतलेल्यांसाठी

आपली बरीच मुलं नोकरीसाठी पुण्यात जाऊन तिथेच फ्लॅट घेतात. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा जास्त कडक आहे आणि नीट वापरला तर मालकाच्या जास्त सोयीचाही आहे. तिथे 'लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्स' करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी केली नाही तर मालकाला दंड किंवा कैद होऊ शकते. शिवाय उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. उलट नोंदणी असेल आणि मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि राहणाऱ्याला दुप्पट शुल्काने भरपाई द्यावी लागते. अर्ध्या दिवसाचं काम आहे, ते "मित्रच तर आहे" म्हणून टाळू नका.

आणि आता आईबद्दल

आई चुकीची नाही. तिच्या काळात लेकी-सुनांना वाईटपणा परवडत नव्हता, म्हणून ती तो टाळायला शिकली. पण तिला एवढं सांग की भांडण टळलेलं नाही, ते तू रोज रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसून एकटी सोसते आहेस. हप्ता तू भरतेस आणि घर दुसरी वापरते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते यालाच. शक्य असेल तर नोटीस द्यायच्या दिवशी आईलाच सोबत बसव. तिच्यासमोर गोष्ट सभ्यपणे झाली, तर हळदीकुंकवाला त्या काकूंशी काय बोलायचं हा प्रश्नही तिचा तीच सोडवेल.

बाकी सगळ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणाला घरात ठेवाल, तेव्हा सामान आत येण्याआधी एक पान लिहा: कोणती खोली, किती दिवस, किती पैसे, निघायची पूर्वसूचना किती, आणि मालक स्वतः याच घरात राहतो हे वाक्य. ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या. असं पान पुढे केल्यावर जो मित्र रागावतो, त्याला ठेवायचं की नाही याचं उत्तर तिथेच मिळतं. आणि जो हसून सही करतो, त्याच्याशी मैत्री टिकण्याची शक्यता जास्त, कारण निघायचा दिवस दोघांनाही आधीपासून माहीत असतो.